चार कोपरे

काशीबाईंना मी साइटवरून हाकललं ते त्यांनी मातीला पाणी मारलं म्हणून. अकरा बायकांसमोर, भर दुपारी, सगळ्या खड्ड्यात घुमेल एवढ्या आवाजात. "उद्यापासून येऊ नका," असं शुद्ध मराठीत सांगितलं. आमच्या घरात कोकणी, बाहेर मालवणी आणि समोरच्याला त्याची जागा दाखवायची असेल तेव्हा शुद्ध मराठी, अशी माझी वाटणी आहे. त्या दिवशी मी फारच शुद्ध बोलले.

मी रॉविना. सावंतवाडीत माझी माती तपासायची प्रयोगशाळा आहे. रस्ता असो, पूल असो, कुणाचा बंगला असो, खालची माती किती पेलेल याचा दाखला माझ्या सहीनं जातो. वडील, बाप्तिस्त मास्तर, शाळेत विज्ञान शिकवायचे. आकडा समोर असला की वाद घालायचा नाही, ही सवय त्यांनी लावली. कुठल्या प्रश्नाचा आकडा समोर आहे ते आधी बघायचं, हे त्यांनी बहुतेक सांगितलं असेल, पण मी ऐकलं नसेल.

कसालहून आत सहा-सात किलोमीटरवर एक सडा आहे, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. गावाचं नाव लिहीत नाही, त्या नावाला आधीच पुरेसा वास लागलाय. पाच वर्षांपूर्वी तिथं आसपासच्या शहरांचा कचरा पुरायचं ठरलं. सड्याच्या पायथ्याशी एक वाडी आणि वाडीच्या टोकाला काशीबाईंची बाव. मे महिन्यात बाकीच्या विहिरी तळ दाखवायला लागल्या की अख्खी वाडी हंडे घेऊन त्या बावेवर येते. सडा जांभ्या दगडाचा. त्याच्यावर ओतलेलं पाणी कुठून खाली निघेल याचा नेम नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे वाडीचा विरोध होता आणि तो शहाणपणाचा होता.

कचऱ्याच्या खड्ड्याला तळाशी चिकणमातीचं अस्तर असतं. मीटरभर जाड, थरावर थर दाबून बसवलेलं. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी त्यानं अडवायचं. वर प्लॅस्टिकचा जाड पडदा घालतात, पण तो कधीतरी फाटणार हे धरूनच खाली माती असते. हे सगळं ग्रामसभेत समजावून सांगायला कंपनीनं मला पाठवलं, कारण मी जिल्ह्यातली, भाषा येणारी आणि बाई.

मी जाताना एक भांडं घेऊन गेले होते. काशीबाईंच्याच कुणग्यातली, म्हणजे भाताच्या खाचरातली माती, तिच्यात शिंपल्यांचा चुना आणि थोडा नारळाचा काथ्या. ओली मऊ लोण्यासारखी मळून हातानं घडवलेलं, महिनाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवलेलं. भट्टीत घातलेलं नाही. नारळाच्या करवंटीपेक्षा जरा मोठं असेल. ग्रामसभेत ते काठोकाठ भरलं, शाळेच्या खोलीत ठेवलं आणि खोलीची किल्ली काशीबाईंच्या हातात दिली. सकाळी सगळ्या वाडीनं येऊन बघितलं. भांडं भरलेलं होतं आणि खालचा कागद कोरडा होता.

"हीच माती घालतलंस?" काशीबाईंनी विचारलं.

"हीच, काकी."

"तुज्या शब्दार होय म्हणतंय हां, बाये. ती बाव माज्या सासऱ्यान खणलेली."

वाडीनं होकार दिला. भांडं काशीबाईंनी मागून घेतलं, कोंबड्यांना पाणी ठेवायला. त्या नाताळात मी त्यांच्याकडे नेवऱ्या आणि दोदोलचा डबा पाठवला. डबा परत आला तो कोकमाच्या सोलांनी भरून. इकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आमची ओळख ही अशी झाली, आणि ती खरी होती, एवढं मला म्हणू द्या.

काम सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात उतारावरचा मातीचा थर घसरला. वर रोलर होता, तो कलला. माणूस वाचला. कंपनीचा साइट इंजिनीयर विनीत, कोल्हापूरकडचा, कामाला वाघ पण वरून फोन आला की त्याचा आवाज बदलायचा. तो माझ्याकडे धावत आला. "मॅडम, माती ताकदीला कमी पडतेय. दोनशे आला पाहिजे, मग वर काहीही चढवता येईल. काहीही करा."

दोनशे म्हणजे दाब. मातीचा उभा दंडगोल करायचा, यंत्रात धरायचा, मोडेपर्यंत दाबायचा. कितीला मोडला तो आकडा. माझी ओली, लोण्यासारखी माती नव्वदला बसत होती. मी कामाला लागले. चुना वाढवला, काथ्या वाढवला, आणि मुख्य म्हणजे पाणी कमी केलं. माती जितकी सुकी तितकी दाबल्यावर कडक. एकशे चाळीस आला, एकशे ऐंशी आला, एके दिवशी दोनशे चौतीस आला. विनीतनं पेढे वाटले. एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. मी तिथं नवी साडी नेसून गेले आणि 'स्थानिक साहित्यातून मातीची ताकद कशी वाढवावी' यावर पाऊण तास बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ताकद वाढली. पाणी अडतंय का, ती चाचणी वेगळी असते. ती मी केली होती, पण पहिल्या ओल्या मातीवर. पाणी कमी केल्यावर ती पुन्हा करायला हवी होती. तिला तीन आठवडे लागतात, आणि पावसाला पाच उरले होते. विनीत म्हणाला, "मॅडम, एवढी कडक माती, तिच्यातून काय जाणार?" मला पटलं. कडक म्हणजे चांगलं, हे आपल्या हाडात बसलेलं असतं. मी ती चाचणी केली नाही. या गोष्टीत यापुढे जे काही झालं ते या एका वाक्यातून झालं.

खड्डे दोन होते, एकमेकांना लागून. तळ आणि उतार रोलरनं दाबले. पण काळं पाणी उपसायच्या पाइपांपाशी, दोन्ही खड्ड्यांत मिळून चार कोपरे असे होते की तिथं यंत्र वळत नव्हतं. तिथली माती हातानं चोपायची होती. माझ्याच डोक्यात आलं की वाडीतल्या बायका बोलवाव्यात. दरवर्षी पाऊस सरला की भात झोडायला घरापुढचं खळं करतात, माती पसरून लाकडी चोपण्यानं चोपून चोपून. त्या कामात काशीबाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्या अकरा बायका घेऊन आल्या, प्रत्येकीचं चोपणं आपापल्या घरचं.

पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या मातीची मूठ वळली, सोडली. मूठ फुटली.

"ही सुकी आसा गो."

"तशीच होई, काकी. घट्ट बसता. तुमी खळा करतास तसाच करूचा, टाच मारली तर वाजाक होया."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अजून ते बघणं आठवतं, त्यात राग नव्हता, नवल होतं. "खळ्यात भात ऱ्हवता, बाये. पाणी खंय ऱ्हवता? पाणी ऱ्हवता कुणग्यात. चिखल करून पायान तुडवलंस तर कुणगो पाणी धरता. खळा कसला धरता? तेका चैत्रात भेगा पडतत."

मी हसले. म्हणजे दात दाखवले. म्हटलं, "काकी, हेच्यात चुनो आसा, काथो आसा. तपासलंय मी."

चार दिवसांनी कोपरे तपासायला गेले. माझ्याकडे बोटभर लांबीचं एक यंत्र असतं, मातीत टोचलं की ताकद सांगतं. चारही कोपऱ्यांत ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. मागं बघितलं तर पाण्याची पिंपं रिकामी. बायकांनी माती भिजवली होती, अनवाणी पायांनी तुडवली होती, मग पातळ थर देत चोपली होती. सगळ्या थरांना एकजीव केलं होतं. काशीबाई पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या होत्या.

"पाणी कुणी मारलं?"

"मी मारलंय," काशीबाई म्हणाल्या. "हेच्या खाली माजी बाव आसा."

मग मी ते शुद्ध मराठी बोलले. त्या चोपणं खांद्यावर टाकून, चिखलाच्या पायांनी, बाकीच्यांना घेऊन निघून गेल्या. मी कागदावर लिहिलं: 'चारही कोपरे: ताकद अपुरी. हाताने केलेले काम, पाण्याचे प्रमाण जास्त.' खाली सही केली. पाऊस दारात होता, कोपरे पुन्हा करायला वेळ नव्हता. विनीतनं दोन्ही खड्ड्यांवर प्लॅस्टिक अंथरलं, खडी टाकली आणि पहिल्या खड्ड्यात कचरा सुरू केला. दुसरा खड्डा तसाच रिकामा ठेवला, पुढच्या वर्षांसाठी.

नाताळला मी नेवऱ्या पाठवल्या नाहीत. काय तोंडानं पाठवणार होते?

गेल्या फेब्रुवारीत काशीबाई माझ्या प्रयोगशाळेत आल्या, एसटीनं, एकट्या. पिशवीतून काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी चहाच्या दुसऱ्या धुवणासारखं होतं. "तपासून दी," म्हणाल्या. बसल्या नाहीत. मी बूच काढलं आणि लगेच लावलं. वासानंच कळलं होतं, तरी तपासलं. मग फोन करून सांगितलं की पिऊ नका, गुरांनाही देऊ नका, धुणंही नको. त्या म्हणाल्या, "बरा." आणि फोन ठेवला.

चौकशी लागली. वाडीला टँकर सुरू झाला. विनीत आता मोठ्या हुद्द्यावर होता, पण धावत माझ्याकडेच आला, आणि येताना माझाच जुना कागद घेऊन आला. "मॅडम, तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलंत म्हणून वाचलो. चारही कोपरे नापास, तुमच्या सहीनं. गळती तिथूनच. दुसरं काय असणार?"

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. तरी म्हटलं, एकदा मोजून घेऊ. पहिला खड्डा कचऱ्यानं भरलेला, पण दुसरा तीच माती, तीच माणसं, तेच कोपरे, आणि रिकामा. तिथली खडी आणि प्लॅस्टिक बाजूला केलं आणि सहा ठिकाणी रुंद लोखंडी कड्या मातीत रोवल्या. चार तळावर, दोन कोपऱ्यांत. कडीत पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं आणि पातळी किती उतरते ते रोज बघायचं. चाचणी अशी साधी आहे. त्या वेळी, पाच आठवड्यांत, हीसुद्धा झाली असती.

दुसऱ्या दिवशी तळावरच्या एका कडीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी तळावरच्या चारही कड्या कोरड्या. माती वाकून बघितली. दोनशे चौतीसची, टाच मारली तर खणखणणारी माझी माती. तिच्यात केसाएवढ्या भेगा होत्या, आणि सुक्या ढेकळांच्या मधल्या फटी दाबूनही मिटल्या नव्हत्या. कोपऱ्यांतल्या दोन कड्यांत सातव्या दिवशीही पाणी होतं तिथंच होतं. मी तिथं खड्ड्यात एकटीच बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी उठवेना. कोपऱ्यातल्या मातीवर बायकांच्या पायांची बोटं अजून उमटलेली दिसत होती.

विनीतला आकडे दाखवले. त्यानं ते दोनदा वाचले, मग कागद पालथा ठेवला.

"मॅडम, हे असं लिहिलं तर काय होईल, विचार केलाय? पूर्ण तळ उखडायचा. पहिल्या खड्ड्यातला कचरा उपसायचा. आणि रेसिपी कोणाची, तर तुमची. चाचणी कोणी केली नाही, तर तुम्ही. तुमच्या दाखल्यांवर जिल्ह्यात पुन्हा कोण विश्वास ठेवील? उलट कोपऱ्यांचा कागद तर आधीपासूनच आहे. मी काही नवं लिहायला सांगत नाही."

खरंच, त्यानं नवं काही लिहायला सांगितलं नाही. त्यानं अहवाल तयारच आणला होता. 'गळती हाताने चोपलेल्या कोपऱ्यांतून. काम अकुशल स्थानिक महिलांचे. दुसऱ्या खड्ड्याचे कोपरे उखडून निर्धारित ताकदीच्या मातीने यंत्राद्वारे पुन्हा करावेत. तळ योग्य आहे. जूनपासून वापरास हरकत नाही.' माझे सातही दिवसांचे आकडे त्यात कुठंच नव्हते.

मी सही केली. कुणी हात धरला नव्हता. माझ्या प्रयोगशाळेत चार माणसं कामाला आहेत, त्यांची घरं चालतात वगैरे मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण तेवढंच की मी घाबरले. पंधरा वर्षं कमावलेलं नाव जाईल म्हणून घाबरले, आणि नाव वाचवायला काशीबाईंचं नाव दिलं.

अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवला. त्याच शाळेत. पुढची हकीगत मला यशोदानं सांगितली, चोपायला आलेल्या अकराजणींतली एक. वाचन संपल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे आमच्याच बायलांनी आमचा पाणी नासयला." काशीबाई उठल्या आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून टँकर आला की त्या सगळ्यांचं भरून झाल्यावर येतात. त्यांच्या बावेवर सबंध वाडी जगली होती, आणि आता त्यांच्याशी रांगेत कुणी बोलत नाही.

मे महिन्यात मी वाडीत गेले. गाडी नेली नाही. माझी गाडी तिथं ओळखतात. एसटीनं कसालला उतरून रिक्षा केली. सड्यावर यंत्रांची घरघर चालू होती. दुसऱ्या खड्ड्याचे कोपरे उखडत होते.

काशीबाई अंगणात होत्या. माझं ते मातीचं भांडं कोंबड्यांपुढे होतं, कडेला हिरवट झालेलं, पण धड. त्यांनी पाट सरकवला. मी बसले नाही. शुद्ध मराठी मला तिथं सुचलंच नाही.

"काकी, तुमचे कोपरे बरे हुते. थंयसून थेंब जाऊक नाय. माजी माती गळली."

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तुका कदी कळला?"

मी खोटं बोलू शकले असते. त्यांनी ते तपासलंही नसतं.

"सही करूच्या आदी."

शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून घेतल्या असत्या, त्यासाठीच गेले होते. त्यांनी मान फिरवून सड्याकडे बघितलं. घरघर ऐकू येत होती.

"कोपरे खणतत ना?"

"होय."

"नि खालचो तळ तसोच ठेवतले?"

"होय."

काशीबाई उठल्या. कोंबड्यांना हुसकून भांडं उचललं, पाणी झाडाला ओतलं, पदरानं भांडं आतून बाहेरून पुसलं. मला वाटलं आता फोडतात. त्या परसात गेल्या. रहाटाचा आवाज आला. कित्येक दिवसांत न फिरलेला रहाट, तो करकरत फिरला. परत आल्या तेव्हा भांडं काठोकाठ भरलेलं होतं, त्याच चहाच्या धुवणानं.

"घे. तुजा भांडा तुज्याकडे ऱ्हवांदे."

मी हात पुढं केले नाहीत.

"घे गो. रिकामा भांडा आमी कोणाक परत देत नाय."

मी ते दोन्ही हातांत घेतलं. त्या घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

ओतून टाकायला रस्ताभर जागा होती. रिक्षात मी ते मांडीवर धरलं, कसालच्या स्टँडवर धरून उभी राहिले, एसटीत खिडकीशी बसून धरलं. वळणांवर थोडं हिंदकळलं, ते हातावर आलं आणि त्याचा वास हाताला लागला. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, "तीर्थ काय गो?"

"नाय. बावेचा पाणी."

ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली. सावंतवाडी आली. मी भांडं उचललं आणि खाली बघितलं. दीड तास ज्या मांडीवर ते ठेवलं होतं, तिथली ओढणी कोरडी होती.